सिंड्रोम असला तरी उंचीचा प्रश्न उरतोच : बालकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

बालरोगतज्ज्ञ, कौटुंबिक डॉक्टर आणि बालकांच्या आरोग्यतपासणीत सहभागी असणाऱ्या सर्व सहकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

जनुकीय सिंड्रोम असलेल्या मुलांच्या उंचीविषयी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अशा मुलाची वाढ मागे पडते आहे, असे पालकांनी सांगितले की त्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘सिंड्रोम आहे, त्यामुळे उंची अशीच राहणार.’ हे उत्तर देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. हृदयाची शस्त्रक्रिया, दूध नीट न ओढणे, कमी ऐकू येणे, उशिरा फुटणारे बोल अशा अनेक गोष्टींशी झुंजणाऱ्या कुटुंबाला आणखी एका काळजीत टाकू नये, अशी भावनाही त्यामागे असते. पण या उत्तराने चौकशी तिथेच थांबते, आणि ज्या वर्षांत उपचाराचा खरा उपयोग झाला असता ती वर्षे निघून जातात. वाढीच्या तक्रारींसाठी आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये हाडांची टोके जुळत आलेली, म्हणजे उंची वाढण्याचा काळ संपत आलेली किशोरवयीन मुले-मुली मी पाहते, आणि त्यांच्या जुन्या कागदपत्रांत हेच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले सापडते.

या वाक्यातली वैद्यकीय चूक अशी आहे की ते अनेक वेगवेगळ्या कारणांना एकच नाव देते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचे संप्रेरक, स्रवते, त्याच्या प्रभावाने यकृत व इतर ऊती आयजीएफ-१ हे रसायन तयार करतात, आणि दोन्ही मिळून हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चेवर (मऊ हाडावर) काम करतात. निरनिराळ्या सिंड्रोममध्ये ही साखळी निरनिराळ्या ठिकाणी तुटते. प्रॉप१ किंवा पिट-१ या जनुकांत दोष असेल तर पीयूष ग्रंथीच नीट घडत नाही आणि हार्मोनची खरीखुरी कमतरता निर्माण होते. प्रेडर-विली सिंड्रोममध्ये बिघाड तिच्या वर, तिला आदेश देणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात असतो. नूनन सिंड्रोममध्ये पेशींच्या आतला संदेशवहनाचा मार्ग बिघडतो आणि हार्मोन असूनही त्याचा परिणाम कमी पडतो. टर्नर सिंड्रोममध्ये हार्मोन बहुधा पुरेसे असते, कमी असते ते ‘शॉक्स’ या जनुकाचे कार्य, ज्याची गरज थेट कूर्चेला असते. आणि लॅरॉन सिंड्रोममध्ये ग्रोथ हार्मोन रक्तात भरपूर असते, पण पेशींवरचा त्याचा ग्राहक (रिसेप्टर) काम करत नसल्याने बाहेरून तेच हार्मोन देऊन काहीही साधत नाही, तिथे आयजीएफ-१ द्यावे लागते. ही सगळी मुले भिंतीला टेकून उभी केली तर सारखीच ठेंगणी दिसतात. त्यांच्यावरचा उपाय मात्र एक नाही, आणि काहींवर उपाय आहे हेच त्यांच्या पालकांना कळलेले नसते.

टर्नर सिंड्रोमबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण उशिराची किंमत तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. साधारण दोन ते अडीच हजार जिवंत जन्मलेल्या मुलींमागे एकीला हा सिंड्रोम असतो, म्हणजे तुमच्यापैकी प्रत्येकाने अशी मुलगी कधी ना कधी पाहिलेली असण्याची शक्यता आहे. हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९५९ मध्ये एका एक्स गुणसूत्राचा अभाव हे त्याचे कारण समजले. पाठ्यपुस्तकातले चित्र आपल्या सर्वांच्या डोक्यात असते : मानेवर त्वचेचा पडदा, रुंद छाती, जन्मतः हातापायांवर सूज. प्रत्यक्षात कित्येक मुलींमध्ये, विशेषतः सर्व पेशींत दोष नसलेल्या मिश्र प्रकारात, यांतले फारसे काही दिसत नाही. दिसते ती फक्त कमी उंची आणि वारंवार होणारे कानाचे संसर्ग. म्हणून ज्या मुलीची उंची आईवडिलांच्या मानाने बरीच कमी आहे आणि तिचे कारण सापडत नाही, तिची गुणसूत्र तपासणी करायलाच हवी, मग ती दिसायला कितीही ‘नॉर्मल’ असो. उपचाराविना या स्त्रियांची प्रौढ उंची त्यांच्या कुटुंबावरून अपेक्षित असलेल्या उंचीपेक्षा सरासरी २० सेंटीमीटर कमी राहते. ग्रोथ हार्मोनचा उपयोग इथे अंदाजावर सोडलेला नाही. कॅनडातील यादृच्छिक चाचणीत (कोणाला उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या अभ्यासात), जिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, उपचार मिळालेल्या मुली प्रौढपणी उपचार न मिळालेल्या मुलींपेक्षा सुमारे ७ सेंटीमीटर उंच होत्या. त्यानंतरच्या एका अभ्यासात चार वर्षांखालील मुलींवर उपचार सुरू केले असता वाढीतली घसरण होण्याआधीच ती रोखता येते, असे दिसले.

आणि निदान उशिरा झाले तर केवळ उंचीच जात नाही. या मुलींमध्ये महाधमनी अरुंद असणे, महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे, मूत्रपिंडाच्या रचनेतले दोष, श्रवणदोष, थायरॉईडचे विकार यांचे प्रमाण जास्त असते. साधारण अकरा-बाराव्या वर्षी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अगदी कमी मात्रेत सुरू करावे लागते, म्हणजे समवयस्क मुलींबरोबर तिचेही वयात येणे घडते. आधीपासून निदान असेल तर उंची मिळवण्याची वर्षे आणि वयात येण्याचे वेळापत्रक यांची सांगड घालता येते. चौदाव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून ती प्रथमच तपासणीला आली, तर या दोहोंपैकी एकाला मुरड घालावी लागते. हा निर्णय त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना समजावून सांगणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड काम आहे, आणि ते बहुतेक वेळा टाळता आले असते.

प्रेडर-विली सिंड्रोमची गोष्ट निराळी आहे. १५ व्या गुणसूत्राच्या वडिलांकडून आलेल्या भागाचे कार्य नाहीसे झाल्यामुळे होणारा हा विकार प्रेडर, लाबहार्ट आणि विली यांनी १९५६ मध्ये वर्णिला. जन्मतः अंग अगदी सैल, दूध ओढण्याची ताकद नाही, आणि काही वर्षांनी न थांबणारी भूक, असा त्याचा प्रवास असतो. यांतल्या बहुतेक मुलांमध्ये ग्रोथ हार्मोनचा स्राव अपुरा असतो, आणि साध्या लठ्ठपणात सहसा टिकून असलेले आयजीएफ-१ इथे कमी सापडते. या मुलांना हार्मोन देताना उंचीपेक्षाही महत्त्वाचे असतात ते स्नायू. तान्हेपणी उपचार सुरू झाला तर स्नायूंचे प्रमाण वाढते, चरबीचे घटते, आणि बसणे, उभे राहणे, चालणे या टप्प्यांना मदत होते. पालकांना हे नेमके सांगितले पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की भूक या औषधाने आटोक्यात येत नाही, त्यासाठी घरातली खाण्याची शिस्त आयुष्यभर सांभाळावी लागते.

मात्र इथे घाई जिवावर बेतू शकते. उपचाराच्या सुरुवातीच्या महिन्यांत काही मुलांचे मृत्यू झाल्याची नोंद आहे, आणि त्यांत अतिलठ्ठ, श्वसनमार्गात अडथळा असलेली किंवा झोपेत श्वास थांबणारी मुले होती. म्हणून हार्मोन सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांनी झोपेची सविस्तर तपासणी, टॉन्सिल व ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) यांच्याकडे लक्ष, आणि मणक्याच्या वक्रतेवर नजर, हे सारे उपचाराचाच भाग मानले पाहिजे. घोरणे वाढले तर वाट न पाहता कळवा, एवढे एक वाक्य पालकांना लिहून दिले तरी पुष्कळ होते.

नूनन सिंड्रोमचे मूल जन्मतः बहुधा नेहमीच्या लांबीचे असते, मग ते मागे पडू लागते, आणि त्याचे वयात येणेही लांबते. यांतल्या सुमारे निम्म्या मुलांमध्ये पीटीपीएन११ या जनुकात बदल सापडतो, आणि हा शोध २००१ मधला आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या मुलांसाठी ग्रोथ हार्मोनला २००७ मध्ये मान्यता दिली. पण यांतल्या काहींच्या हृदयाचे स्नायू जाड होत जातात, म्हणून हृदयतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय आणि इकोकार्डिओग्राम केल्याशिवाय पहिले इंजेक्शनही देऊ नये. सिल्व्हर-रसेल सिंड्रोमची मुले गर्भातच कमी वाढलेली असतात. त्यांच्यात उपाशीपोटी रक्तातली साखर उतरण्याचा धोका असल्यामुळे तपासणीसाठीसुद्धा त्यांना फार वेळ उपाशी ठेवता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

आता मोजमापाकडे वळते, कारण माझी खरी मागणी तिथेच आहे. ज्या मुलाला सर्वांत जास्त वेळा दवाखान्यात यावे लागते, त्याच मुलाची उंची सर्वांत कमी वेळा मोजलेली असते. हृदयतज्ज्ञ हृदय पाहतात, मेंदूविकारतज्ज्ञ झटके पाहतात, औषधाची मात्रा ठरवायची म्हणून वजन प्रत्येक ठिकाणी होते, आणि उंचीची जागा कोरी राहते. मूल नीट उभे राहत नाही, पाठीला बाक आहे, पाय सरळ होत नाहीत, ही कारणे खरी आहेत. पण त्यांवर मार्ग आहेत. उभे राहता न येणाऱ्या मुलाची लांबी झोपवून, दोघांनी मिळून मोजता येते. तेही शक्य नसेल तर गुडघ्यापासून टाचेपर्यंतची किंवा दंडाची लांबी दर वेळी त्याच पद्धतीने मोजून तिचा कल पाहता येतो. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरते, म्हणून पद्धत बदलली तर तशी नोंद करावी, नाहीतर वाढ थांबल्याचा खोटा भास होतो. उंची मोजताना बूट आणि केसांतल्या क्लिपा काढाव्यात, टाचा टेकलेल्या असाव्यात, नजर समोर असावी. हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. गर्दीच्या वेळी ते सुटते, आणि सुटले की पुढचा प्रत्येक निर्णय डळमळीत पायावर उभा राहतो.

एका मोजमापाने फारसे कळत नाही. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. ज्याची वाढ सलग ४ सेंटीमीटरच्या खाली आहे त्याची चौकशी झालीच पाहिजे, मग त्याच्या फाइलवर कोणतेही निदान लिहिलेले असो. दोन मोजमापांत किमान सहा महिन्यांचे अंतर ठेवावे, त्याहून कमी अंतरात मोजण्यातली चूकच वाढीपेक्षा मोठी ठरते. आईवडिलांची उंची विचारून घेऊ नये, शक्य असेल तर मोजावी.

सिंड्रोमनिहाय आलेखांविषयी मला एक सावधगिरी सुचवायची आहे. टर्नर, डाउन, नूनन, प्रेडर-विली, ॲकाँड्रोप्लाझिया (हातपाय आखूड राहण्याचा हाडांचा विकार) यांच्यासाठी स्वतंत्र आलेख उपलब्ध आहेत आणि ते वापरायलाच हवेत. पण मूल त्या सिंड्रोमच्या आलेखात ‘सरासरी’ आहे म्हणून समाधान मानणे धोक्याचे आहे. टर्नर सिंड्रोमच्या आलेखावरची सरासरी ही उपचार न मिळालेल्या मुलींची सरासरी असते, आणि आपल्याला त्या मुलीला तिथेच ठेवायचे नसते. याउलट, सिंड्रोमच्या आलेखावरही जे मूल रेषा सोडून खाली घसरते आहे, त्याला दुसरा आजार जडला आहे असेच प्रथम गृहीत धरावे. डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये थायरॉईडची कमतरता आणि सिलिॲक आजार (गहू न सोसण्याचा आतड्याचा विकार) दोन्ही अधिक प्रमाणात होतात. थकवा, बद्धकोष्ठता, मंदपणा ही थायरॉईडची लक्षणे त्यांच्यात सिंड्रोमच्याच खात्यावर लिहिली जातात आणि औषधाने सहज सुधारणारे मूल वर्षानुवर्षे तसेच राहते. ग्रोथ हार्मोनचा विचार करण्याआधी थायरॉईड, सिलिॲकची चाचणी, मूत्रपिंडाचे कार्य, रक्तक्षय, आणि पोटात किती अन्न जाते आहे याची प्रामाणिक चौकशी झालेली असावी. ज्या मुलाला पुरेसे अन्नच मिळत नाही त्याचे आयजीएफ-१ कमीच येते, आणि त्यावरून हार्मोनच्या कमतरतेचे निदान करणे चुकीचे ठरते.

चाचण्यांबाबतही काही गोष्टी पुन्हा सांगणे आवश्यक वाटते. ग्रोथ हार्मोन दिवसभर एकसारखे स्रवत नाही, ते लाटांनी आणि मुख्यतः रात्रीच्या गाढ झोपेत स्रवते. त्यामुळे सकाळी सहज रक्त काढून ‘ग्रोथ हार्मोन शून्य’ असा अहवाल हाती देणे निरर्थक आहे, आणि त्या एका कागदाने पालकांची झोप उडते. कमतरता ठरवायची तर क्लोनिडीन, ग्लुकॅगॉन, आर्जिनीन यांसारख्या औषधांनी ग्रंथीला चेतवून केलेली चाचणी लागते, आणि तिचा निकालही वजन व वयात येण्याचा टप्पा ध्यानात घेऊन वाचावा लागतो, कारण लठ्ठ मुलात हार्मोनचा प्रतिसाद एरवीही कमी येतो. सिद्ध झालेल्या टर्नर सिंड्रोममध्ये उपचारासाठी ही चाचणी लागतच नाही. एक मोठा अपवाद नवजात बाळाचा आहे. साखर वारंवार उतरणे, लांबलेली कावीळ, मुलगा असल्यास खूपच लहान शिश्न, किंवा नजर स्थिर न होणे असे काही एकत्र दिसले तर पीयूष ग्रंथीचा दोष मनात आणावा आणि साखर उतरलेल्या क्षणीच ग्रोथ हार्मोन व कॉर्टिसॉल (शरीराला ताण सोसायला मदत करणारे हार्मोन) यांसाठी रक्त घ्यावे. अशा बाळात कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन (थायरॉईडचे हार्मोन) सुरू केले तर ते बाळ कोसळू शकते, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रॉप१ च्या दोषात हार्मोन एकामागून एक, वर्षांच्या अंतराने कमी होत जातात, तेव्हा एकदा तपासून सुटका होत नाही.

या पत्राचा अर्थ प्रत्येक ठेंगण्या मुलाला हार्मोन द्यावे असा कोणी घेऊ नये. ब्लूम सिंड्रोमसारख्या, गुणसूत्रे सहज तुटण्याच्या आणि कर्करोगाचा धोका असलेल्या विकारांत ते टाळावे. म्हणूनच जन्मापासून फार लहान असलेल्या, उन्हाने चेहऱ्यावर लाल चट्टे उठणाऱ्या मुलाचे नेमके निदान आधी हवे. फॅन्कोनी ॲनिमिया या तशाच जनुकीय रक्तविकारातही अत्यंत सावध राहावे लागते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस (मज्जातंतूंवर गाठी येण्याचा जनुकीय विकार) असलेल्या मुलात डोळ्याच्या मज्जातंतूवर गाठ नाही ना, हे पाहावे लागते. तशा गाठीमुळे वेळेआधी वयात येणारे मूल काही काळ झपाट्याने उंच होते आणि सगळे आनंदात असतात, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. डाउन सिंड्रोममध्ये हार्मोनचा सरसकट वापर करण्यास आधार नाही. ॲकाँड्रोप्लाझियाचा दोष एफजीएफआर३ या जनुकात आहे आणि त्यावर २०२१ पासून व्होसोरिटाइड हे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध उपलब्ध झाले आहे. जिथे उपचार योग्य आहे तिथेही सतत डोके दुखणे, लंगडणे किंवा गुडघा-मांडी दुखणे, रक्तातली साखर वाढणे, यांकडे लक्ष ठेवावे लागते. मांडीच्या हाडाचे टोक सरकल्याचे निदान लंगडण्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे लांबते.

पालकांच्या मनात औषधाबद्दल जुनी भीतीही असते, ती उडवून लावू नये. १९५८ पासून १९८५ पर्यंत ग्रोथ हार्मोन मृत व्यक्तींच्या पीयूष ग्रंथींतून काढले जात होते, आणि त्यातून काहींना मेंदूचा क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा प्राणघातक आजार झाला. १९८५ पासून वापरात असलेले हार्मोन जनुकीय तंत्राने बनवले जाते आणि त्यात मानवी ऊती नसतात. हे दोन मिनिटांत सांगता येते. तितकेच स्पष्ट हेही सांगावे की रोज रात्री, वर्षानुवर्षे, एक बारीक सुई टोचावी लागणार आहे, आता आठवड्यातून एकदा देण्याची औषधेही आली आहेत, आणि फळ काही सेंटीमीटरचे असेल. काही कुटुंबे हे सगळे ऐकून नको म्हणतात. माहिती घेऊन दिलेला तो नकार मला मान्य आहे. न विचारताच परस्पर ठरवलेला नकार मला मान्य नाही.

मुलासमोर आपण काय बोलतो, तेही या उपचाराचेच अंग आहे. अकरा वर्षांच्या मुलीला तिच्या उंचीमुळे सहा वर्षांची समजून कडेवर घेतले जाते, तिच्याऐवजी तिच्या आईला प्रश्न विचारले जातात. तिच्याशी तिच्या वयाप्रमाणे बोलावे, इंजेक्शनाबद्दल तिचे मत विचारावे, आणि ‘ठेंगणी’, ‘बुटका’ हे शब्द तिच्या कानावर दवाखान्यात तरी पडू नयेत.

तर माझे मागणे असे. सिंड्रोमचे निदान असलेल्या प्रत्येक मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजून आलेखावर टाकावी, लसीकरणाच्या भेटीला जोडून टाकली तरी चालेल. रेषा घसरताना दिसली की हाडांची टोके जुळण्याची वाट न पाहता अंतःस्रावतज्ज्ञांकडे (हार्मोनच्या विकारांच्या डॉक्टरांकडे) पाठवावे. पाठवताना चिठ्ठीवर ‘उंची कमी’ एवढेच न लिहिता जन्माचे वजन व लांबी, आजवरची सारी मोजमापे तारखांसह, आईवडिलांच्या उंच्या, गुणसूत्र किंवा जनुक तपासणीचा मूळ अहवाल, हृदयाचा अलीकडचा अहवाल आणि मूल घोरते का याचे उत्तर लिहावे. मोजमापे दोनच असतील तर दोनच पाठवावीत, आणि पुढची तारीख त्याच दिवशी पालकांच्या हाती द्यावी.

आपली नम्र,
वाढीच्या विकारांवर काम करणारी एक डॉक्टर